किती बारीक पुरे?

कॉफी दळायच्या यंत्रावर 40 हजार रुपये घालणं चूक आहे का?

व्यवहाराच्या हिशेबात चूक आहे का, असं विचारत नाहीये. पैसे पगारातून आलेले आहेत, कुणाचं देणं थकलेलं नाही, घरात औषधपाण्याला कमी पडत नाही. तरीही असा खर्च करणारा माणूस काही वाईट करतो का? आणि वाईट करत नसेल, तर अशा खर्चांतून तो हळूहळू कसा माणूस होत जातो? मला या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे.

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांना हा टप्पा ओळखीचा असेल. आधी एक साधं मशीन येतं. महिन्याभरात कळतं की मशीनपेक्षा ग्राइंडर महत्त्वाचा. मग हातानं फिरवायचा स्वस्तातला ग्राइंडर येतो. तो एस्प्रेसोला लागतं तेवढं बारीक आणि एकसारखं दळत नाही. मग त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा येतो, तो दळतो. कॉफी चांगली व्हायला लागते. आणि नेमकं त्यानंतर आपण रात्री अकरा वाजता 64 मिलिमीटरच्या सपाट बरचे व्हिडिओ बघत बसलेलो असतो. मी सध्या या टप्प्यावर आहे, आणि इचलकरंजीत आहे. चहाचं गाव आहे हे. इथे कॉफी म्हणजे पाहुणा चहा घेत नसेल तर करायची गोष्ट.

या खर्चावर तीन आक्षेप येतात. पहिला दिखाव्याचा. तो मला फारसा लागत नाही, कारण आमच्याकडे येणाऱ्या माणसाला तो ग्राइंडर मिक्सरचा चुलतभाऊ वाटेल. दाखवायचंच असेल तर या पैशात फोन बदलता येतो, तो सगळ्यांना कळतो.

दुसरा आक्षेप उधळपट्टीचा. यात तथ्य आहे, पण तो सगळ्यांना सारखा लावला जात नाही. दीड-दोन लाखांच्या बाइकला, लग्नातल्या तीनशे ताटांना, गॅलरीतल्या न वापरलेल्या ट्रेडमिलला कुणी नैतिक प्रश्न म्हणत नाही. ओळखीचा खर्च दिसेनासा होतो, अनोळखी खर्च डोळ्यांत येतो. अर्थात दुसऱ्याची बाइक महाग असल्यानं माझा ग्राइंडर निर्दोष ठरत नाही. या आक्षेपाकडे परत यावं लागेल.

तिसरा आक्षेप म्हणजे चांगल्याची सवय झाली की साधं आवडेनासं होतं, माणूस बिघडतो. तिघांपैकी हाच मला खरा वाटतो. त्याला उत्तर द्यायचं तर आधी हे यंत्र नेमकं करतं काय, ते बघायला हवं.

जातं आणि नऊ बार

ग्राइंडर म्हणजे जातंच. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मधल्या फटीतून दळण बाहेर. इथे दगडांऐवजी पोलादाचे दोन दातेरी भाग असतात, त्यांना बर म्हणतात. फट कमी केली की दळण बारीक, वाढवली की जाड. मिक्सरच्या भांड्यातली पाती दळत नाहीत, तोडतात. त्यामुळे त्यात अर्धी कॉफी धूळ होते आणि अर्धी कणीदार राहते.

फिल्टर कॉफीत हा फरक बराचसा खपून जातो. एस्प्रेसोत खपत नाही. साधारण 18 ग्रॅम कॉफी दाबून तिची चकती करायची आणि तिच्यातून 9 बार दाबानं, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट जोरानं, गरम पाणी ढकलायचं. 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी कपात यावी, हा सर्वसाधारण हिशेब. एवढ्या जोरात आलेलं पाणी सोपी वाट शोधतं. चकतीत कुठे सैल जागा मिळाली की तिथूनच धावतं. त्या वाटेवरच्या कॉफीतून नको तेवढं काढून नेतं आणि बाकीच्या कॉफीला नीट शिवतही नाही. मग एकाच घोटात कडूही लागतं आणि आंबटही.

यातली फट फार लहान असते. हातानं फिरवायच्या काही ग्राइंडरमध्ये एका क्लिकला ती 30 मायक्रॉनच्या आसपास बदलते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे अर्ध्या केसाएवढ्या फरकानं 25 सेकंदांचा शॉट 35 सेकंदांवर जाऊ शकतो. महाग ग्राइंडर तुम्हाला तीन गोष्टी देतो: कणांच्या आकारात कमी तफावत, दोन क्लिकच्या मधली जागा, आणि आज ठेवलेली फट उद्याही तीच राहील याची खात्री. चव त्यातून येते. यात थोतांड काही नाही.

पण एक गोष्ट विसरली जाते. 2020 साली 'मॅटर' या विज्ञान नियतकालिकात गणितज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि कॉफीच्या धंद्यातली माणसं यांनी मिळून केलेलं एक संशोधन आलं. कागदावरच्या गणितानुसार दळण जितकं बारीक तितका अर्क जास्त उतरायला हवा. प्रत्यक्षात एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यावर अर्क उलट कमी उतरला, कारण चकतीचे काही भाग तुंबले आणि पाणी उरलेल्या भागांतून गेलं. त्यांचा सल्ला उलटा होता: थोडं जाड दळा, 20 ग्रॅमऐवजी 15 ग्रॅम घ्या, शॉट जास्त एकसारखे येतील आणि कॉफीही वाचेल. हा सल्ला पाळायला नवं यंत्र लागत नाही. आहे त्याच ग्राइंडरवर दोन क्लिक मागे जायचं.

दुसरी गोष्ट आमच्या गावात सांगायला मजा येते. दळताना घर्षणानं स्थिर वीज तयार होते, कॉफीची धूळ भांड्याला चिकटते, तिचे गोळे होतात. उपाय म्हणून दळण्याआधी बियांवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकतात, आणि 2023 साली प्रयोगशाळेत मोजून या घरगुती उपायाला दुजोरा मिळाला. इचलकरंजीतल्या कुठल्याही मागवाल्याला हे नवं नाही. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, तंतू एकमेकांना चिकटतात किंवा फिसकटतात, म्हणून शेडमध्ये ओलावा राखावा लागतो. जे पाणी सुताला, तेच कॉफीला. फुकटातली सुधारणा.

रवाळ हा शब्द आपला

हा सगळा बारकावा म्हणजे पैसेवाल्यांचं नवं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी पिठाच्या गिरणीत उभं राहावं. बेसनाच्या लाडवाला डाळ रवाळ हवी, नाहीतर लाडू टाळूला चिकटतो. भाकरीची ज्वारी बारीक हवी, नाहीतर भाकरी थापताना कडा चिरतात. चकलीची भाजणी वेगळी, थालिपिठाची वेगळी. गिरणीवाल्याला हे सांगावं लागतं, आणि पीठ हातात आलं की बायका ते चिमटीत धरून अंगठ्यानं घासून बघतात. मायक्रॉन हा शब्द त्यांच्याकडे नाही, पण मोजमाप आहे. कुणाच्या आधी दळलेल्या मिरचीचा वास आपल्या पिठाला लागू नये म्हणून पहिलं मूठभर पीठ बाजूला काढणारी माणसं आपल्या घरात आहेत. कॉफीवाले हेच करतात आणि त्याला आधीचं दळण झटकणं म्हणतात.

तेव्हा दळणाबद्दल चोखंदळ असणं आपल्याकडे कधीच परकं नव्हतं. मात्र त्या चोखंदळपणाची किंमत कोण देत होतं, हे बघायला हवं.

गिरण गावात येण्यापूर्वी दळण जात्यावर व्हायचं, पहाटे, आणि दळायच्या बायका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी 1980च्या दशकात सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. आता त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ऐकता येतात. एवढ्या ओव्या झाल्या, कारण एवढं दळावं लागत होतं. त्यांत देव आहे, भाऊ आहे, लेक आहे आणि कष्टही आहेत. जात्याचे दात झिजले की टाकी लावून घ्यायची आणि पुन्हा खुंट्याला हात घालायचा.

मग गिरण आली. गिरणीत पीठ गरम होतं, जात्याची चव त्याला नाही, ही तक्रार आजही ऐकू येते. असेलही खरी. पण ती तक्रार बहुधा खाणाऱ्याची असते. जिला पहाटे उठून दळावं लागत होतं, तिच्यासाठी गिरणीचं पीठ जास्त चांगलं होतं, कारण त्यात तिची दोन तासांची झोप होती. एकाच पिठाच्या दोन चवी, तुम्ही जात्याच्या कुठल्या बाजूला बसला आहात त्यावर ठरणाऱ्या.

आज माझ्यासारखा मुलगा 18 ग्रॅम कॉफी हातानं मिनिटभर दळतो आणि त्याला रिच्युअल म्हणतो. म्हणायला हरकत नाही, मलाही ते मिनिट आवडतं. पण ते आवडतं कारण ते मिनिटभरच आहे, आणि उद्या नको वाटलं तर सोडता येतं. सक्तीच्या कामात आणि हौसेच्या कामात हाताची हालचाल सारखी असते, बाकी काही सारखं नसतं. म्हणून 'हातानं दळण्यातच खरा आनंद' असं कुणी सांगू लागलं की मी आधी विचारतो, किती किलो?

अपग्रेड म्हणजे काय रे भाऊ

अपग्रेड हा शब्द आम्ही फोनमुळे शिकलो असं माझ्या वयाच्या लोकांना वाटतं. इचलकरंजीत तो त्याआधी आला होता. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथे यंत्रमाग सुरू केला, जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी धंद्याला आधार दिला, आणि पुढच्या शंभर वर्षांत घराघरात, गल्लीबोळात माग झाले. 1999 साली केंद्र सरकारनं वस्त्रोद्योगासाठी टफ्स योजना आणली. तिच्या नावातच तंत्रज्ञानाचं अपग्रेडेशन आहे. नव्या यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सवलत मिळू लागली, आणि गावात साध्या मागांच्या शेजारी रेपिअर आणि एअरजेट आले. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो. एअरजेटला धोटाच नाही, हवेच्या झोतावर आडवा धागा पलीकडे जातो, मिनिटाला पाचशे-सहाशेच्या पुढे.

इथल्या माणसाला अपग्रेडचा अर्थ म्हणूनच फार स्पष्ट आहे. खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा मागवाला, पिकावर पैसे घेतो. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. त्याच्या मागावर काम करणाऱ्या कामगाराची मजुरीही पीक आणि मीटर यांवरच ठरते. सगळा हिशेब पैशांत आणि धाग्यांत. नवं यंत्र घेतलं तर किती मीटर जास्त निघेल, दोष किती कमी होतील, हप्ता किती, वीज किती. आणि नाही घेतलं तर काय होईल? गावात कितीतरी साधे माग भंगारात गेले, किलोवर.

ओळखीच्या एका मागवाल्या काकांना मी ग्राइंडरबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "त्यातनं काय जास्त निघतंय?"

"निघतंय तेवढंच काका. चव वेगळी लागते."

"कुणाला?"

त्यात टोमणा नव्हता. धंद्यातल्या माणसाचा तो प्रामाणिक प्रश्न होता. कापडात सुधारणा झाली की ती कुणाला तरी दिसते: व्यापाऱ्याला, प्रोसेसवाल्याला, शर्ट शिवणाऱ्याला. सुधारणेला बाहेरचा साक्षीदार असतो, आणि तोच सांगतो की आता पुरे, याहून चांगल्याला मी जास्त पैसे देणार नाही. कारखान्यातल्या चांगलेपणाला गिऱ्हाईक लगाम घालतं. माझ्या कॉफीला गिऱ्हाईक मीच, कारागीर मीच आणि तपासनीसही मीच. 'पुरे' म्हणणारं कुणी उरत नाही.

हौसेच्या वस्तूंचा हा खरा धोका आहे. गरजेच्या अपग्रेडला हप्त्याची भीती असते, त्यामुळे माणूस दहा वेळा विचार करतो. हौसेच्या अपग्रेडला अशी भिंत नसते. आणि 'हा एकदाच घ्यायचा, मग आयुष्यभर बघायला नको' हे वाक्य प्रत्येक पायरीवर नव्यानं खरं वाटतं.

पिंपातली किल्ली

पण काकांच्या 'कुणाला?'चा एक कठोर अर्थही काढता येतो: जो फरक फक्त तुलाच लागतो, तो आहे कशावरून? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1757च्या आपल्या अभिरुचीवरच्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट वापरली आहे. दोन भाऊबंदांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीत अडकवलेली.

ह्यूमला यातून दाखवायचं होतं की तरल जीभ ही कल्पना नव्हे. ज्याला फरक लागतो त्याला खरोखर काहीतरी लागत असतं, बाकीच्यांना लागलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. मला हे पटतं. सरावानं जीभ शिकते. दोन वर्षांपूर्वी मला सगळी कॉफी 'कडक' किंवा 'पानचट' लागायची. आता चिकमगळूरची एखादी कॉफी पिताना त्यात संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी लागतं, आणि ते लागल्यावर मला त्या बीमागचं काम जाणवतं: सावलीतली झाडं, पिकलेलं फळच निवडून तोडणारे हात, आंबवणं, वाळवणं. एवढं करून आलेली बी वाईट दळून वाया घालवणं हीसुद्धा एक उधळपट्टीच आहे. चांगल्या ग्राइंडरच्या बाजूनं माझ्याकडे असलेला सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तरी त्या गोष्टीत मला एक गोष्ट खटकत राहते. ते दोघे बरोबर होते, पण त्या दिवशी वाइनची मजा कुणाला जास्त आली असेल? बाकीचे लोक प्याले आणि खूश झाले. या दोघांच्या प्रत्येक वाक्यात एक 'पण' होता. तरल जीभ सुख ओळखायला शिकते, तशी खोडही ओळखायला शिकते, आणि जगात खोडी जास्त आहेत.

दिदरो या फ्रेंच लेखकानं 18व्या शतकात याच रोगाचं दुसरं रूप लिहून ठेवलंय. त्याला एक नवा, सुंदर झगा भेट मिळाला. तो घालून खोलीत बसला तर जुनी खुर्ची बरी दिसेना. खुर्ची बदलली, मग मेज, मग भिंतीवरची चित्रं. शेवटी त्याला जुन्या झग्याची आठवण आली, ज्याला बिनधास्त शाई पुसता यायची. ग्राइंडर घेतलेल्यांना पुढची यादी ठाऊक असते: 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा, कॉफी मोकळी करायच्या बारीक सुया, आणि शेवटी पाणी. कारण पाण्यात क्षार किती यावरही चव ठरते. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे एका कपासाठी शुद्ध पाण्यात क्षार मोजून घालणारा माणूस, हे चित्र मला जमत नाही. तिथे माझं मन आपोआप थांबतं. यावरून कळतं की आपल्याकडे थांबायची जागा असते, फक्त ती प्रत्येक यादीत सारख्या ठळकपणे दिसत नाही.

माझी मोजपट्टी

इंजिनिअरिंगमध्ये एक साधी सवय लावतात: सिस्टिम संथ असेल तर आधी अडथळा कुठे आहे ते शोधा. दुसरंच काही वेगवान करून उपयोग नसतो. कॉफीलाही हे लागू आहे. मी भाजून दोन महिने झालेली बी वापरत असेन, डोळ्यांच्या अंदाजानं कॉफी घेत असेन, रोज वेगळ्या जोरानं दाबत असेन, तर माझ्या हातांची चूक ग्राइंडरच्या चुकीपेक्षा मोठी आहे. अशा वेळी महाग ग्राइंडर घेणं म्हणजे स्वतःकडे न बघण्याची फी भरणं. ज्या दिवशी माझ्याकडून सगळं सारखं होऊनही कप रोज वेगळा येईल, आणि कारण दळणात आहे हे मला दाखवता येईल, त्या दिवशी तो घ्यायला हरकत नाही. यंत्राची चूक माझ्या चुकीपेक्षा मोठी राहते तोवर सुधारणा खरी. त्यापलीकडे यंत्र माझ्या जिभेच्या पुढे गेलेलं असतं, आणि मी कुणा दुसऱ्याच्या जिभेसाठी पैसे मोजत असतो.

ही झाली तांत्रिक अट. नैतिक अट वेगळी आहे, आणि ती कपाच्या बाहेर तपासावी लागते.

चांगल्याची सवय माणसाला बिघडवते हा आक्षेप मी खरा मानला होता. पण सवयीपेक्षा निकाल देत सुटणं जास्त बिघडवतं असं मला वाटतं. टपरीवरचा चहा पिताना मनात गुण देणं, मित्राच्या घरी कॉफी समोर आल्यावर 'कुठली पावडर?' म्हणून विचारणं, मावशीनं दुधात घोटून, वर फेस आणून दिलेली इन्स्टंट कॉफी अर्धी ठेवणं. त्या कपात तिनं काय घातलंय हे मोजायला माझ्याकडचा काटा निरुपयोगी आहे. ती कॉफी एस्प्रेसोच्या स्पर्धेत उतरलेलीच नाही. पाहुणचाराला चवीच्या फूटपट्टीनं मोजणं ही जिभेची तरलता नव्हे. ते मोजपट्टी चुकीच्या ठिकाणी लावणं झालं, आणि इंजिनिअरला तरी हे कळायला हवं.

फरक लागणं आपल्या हातात नसतं, एकदा शिकलेली जीभ विसरत नाही. त्या फरकाचं काय करायचं ते मात्र आपल्या हातात असतं. ज्याच्या वाढलेल्या चवीमुळे त्याच्या स्वयंपाकघरात येणाऱ्यांना जास्त चांगलं प्यायला मिळतं, त्याची चव वाढलेली मला चालेल. ज्याच्यामुळे त्याच्याभोवतीच्या माणसांना त्याला कॉफी द्यायचीच भीती वाटू लागते, त्याची नाही.

राहिला उधळपट्टीचा आक्षेप. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं 1972 साली फार सरळ मांडणी केली: समोरच्या डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबणार नाही. मग दूर कुठेतरी मरणाऱ्यांसाठी चैनीचे पैसे न देणं वेगळं कसं? माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. इथे तर ते दूरचं कुणी नाही. 40 हजार म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाची साधारण दोन-तीन महिन्यांची कमाई. मी ग्राइंडर घेतला नाही म्हणून त्याची मजुरी वाढणार नाही, हे खरं आहे. पण हे वाक्य इतकं सोयीचं आहे की ते मी स्वतःला रोज ऐकवू नये. निदान हिशेब समोर ठेवता येतो. हौसेवर जेवढे घालायचे, त्यातला ठरलेला वाटा आधी अशा ठिकाणी जावा जिथे माझ्या जिभेचा काही संबंध नाही. आधी, उरले तर नव्हे. त्यानं सिंगरचं समाधान होणार नाही. पण मग हौसेला पुन्हा एक हप्ता लागतो, आणि हप्ता असला की मागवाल्यासारखा आपणही दहा वेळा विचार करतो.

सध्या मी शॉटची वही ठेवलीय: बी कधी भाजली, किती ग्रॅम, कितवा क्लिक, किती सेकंद, चव कशी. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की अडथळा माझ्यात आहे की ग्राइंडरमध्ये, ते दिसेल. ग्राइंडरमध्ये निघाला तर मी तो घेईन आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही. तो वाटा मात्र आधी जाईल. आणि मावशीकडे गेलो की कप पूर्ण संपवायचा, दुसरा मागून घ्यायचा, आणि पावडर कुठली ते विचारायचं नाही.